मनोरुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे आणि गुणवत्ता सुधारणेची संस्कृती

मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या संस्थांत गुणवत्तेची चर्चा बहुधा तपासणीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पथक येते, रजिस्टरे पाहते, शेरे लिहिते; त्या आठवड्यापुरत्या चादरी पांढऱ्या असतात. तपासणीमुळे किमान दर्जा टिकतो, म्हणून ती हवीच. गुणवत्ता सुधारणा हे त्यापुढचे काम. प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी मिळून कामातली अडचण हेरायची, तिच्यावर एखादा छोटा बदल करून पाहायचा, फरक मोजायचा आणि मग तो बदल ठेवायचा की सोडायचा हे ठरवायचे, असा हा क्रम आहे. वरून आदेश नसतानाही तो चालू राहिला आणि सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावरही थांबला नाही, तर त्या संस्थेत सुधारणेची संस्कृती रुजली असे म्हणता येते. या कसोटीला उतरणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत, आणि त्या कशा घडल्या हे पाहिले की बरेचसे कोडे उलगडते.

या पद्धतीची मुळे कारखान्यात आहेत. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनच्या यंत्रनिर्मितीसाठी नियंत्रण आलेख मांडला. एडवर्ड्स डेमिंग यांनी तो विचार वाढवला आणि आखणी, चाचणी, अभ्यास, अंमल हे चक्र सर्वदूर नेले. वैद्यकात अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये गुणवत्तेकडे रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन अंगांनी पाहायला शिकवले. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील सुधारतज्ज्ञांनी सगळी पद्धत तीन प्रश्नांत बसवली: नेमके काय साधायचे आहे, सुधारणा झाली हे कशावरून कळणार, आणि कोणता बदल केला तर ती होईल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००१ च्या अहवालाने चांगल्या सेवेची सहा लक्षणे सांगितली. सेवा सुरक्षित, परिणामकारक, रुग्णकेंद्री, वेळेवर, काटकसरीची आणि समन्यायी असावी. त्याच संस्थेने २००६ मध्ये मानसिक आजार आणि व्यसनांवरील उपचारांसाठी वेगळा अहवाल काढला, कारण ही शाखा इतर वैद्यकाच्या मागे पडलेली होती.

मागे पडण्याची कारणे या क्षेत्राच्या घडणीतच आहेत. रक्तातली साखर तपासता येते. नैराश्य किती उतरले हे रुग्णाला विचारावे लागते, आणि विचारण्याची सवय नसलेल्या ठिकाणी ते कोणाच्याच नोंदीत येत नाही. उपचार मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका, समुपदेशक आणि व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते अशा अनेकांत विभागलेला असतो. प्रत्येकाची तालीम वेगळी, भाषाही वेगळी. समुपदेशन बंद दाराआड होते, त्यामुळे शेजारच्या खोलीत काय चालते हे सहकाऱ्यालाही ठाऊक नसते. गोपनीयतेचे नियम कडक असतात. शिवाय रुग्णाने तक्रार केली तर ती आजाराचेच लक्षण समजली जाण्याचा धोका असतो, आणि हा अडथळा इतर कुठल्या वॉर्डात इतका मोठा नसतो.

तरीही या शाखेतले एक काम सर्व वैद्यकाला दाखला म्हणून दिले जाते. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड आरोग्यसंस्थेत २००१ च्या सुमारास एड कॉफी यांच्या नेतृत्वाखाली नैराश्याची निर्दोष सेवा उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. निर्दोष म्हणजे काय, यावर चर्चा चालू असताना एका परिचारिकेने सांगितले की तसे झाले तर आत्महत्येने कोणीच मरणार नाही. हे उद्दिष्ट ऐकून अनेकांना अवघडल्यासारखे झाले, पण ते स्वीकारले गेले. त्यानंतरचे बदल एकेकटे पाहिले तर साधेच होते. प्रत्येक रुग्णाच्या आत्महत्येच्या धोक्याची ठरावीक पद्धतीने चौकशी होऊ लागली, धोका जास्त असलेल्याला त्याच दिवशी भेट मिळू लागली, घरातील बंदुकीसारखी साधने दूर करण्याविषयी घरच्यांशी बोलणे सुरू झाले, भेट चुकवणाऱ्याला फोन जाऊ लागला. त्या रुग्णगटात आत्महत्येचे प्रमाण सुरुवातीला दर लाखामागे ८९ होते. पुढच्या चार वर्षांत ते सरासरी २२ वर आले आणि २००९ या वर्षात एकही आत्महत्या झाली नाही. यातूनच पुढे ‘झिरो सुइसाइड’ ही चळवळ उभी राहिली.

या उद्दिष्टाला आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. शून्याचे ध्येय जाहीर केले की प्रत्येक मृत्यू कोणाच्या तरी गळ्यात पडतो, अशी भीती उपचारकांना वाटते. शिवाय एका संस्थेतील आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना म्हणजे नियंत्रित प्रयोग नव्हे. डेट्रॉइटमध्ये शून्य हा शिक्षेचा मापदंड न होता शोधाचा आरंभ राहिला. प्रत्येक मृत्यूनंतर व्यवस्थेत कुठे फट राहिली, हे विचारले गेले. हाच आकडा दुसरीकडे वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात टाकला, तर लोक धोका नोंदवणेच बंद करतील.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात वेगळाच मार्ग निघाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड गस्टाफसन यांनी २००३ मध्ये नायअ‍ॅटेक्स हे जाळे सुरू केले. त्याची उद्दिष्टे चारच होती: वाट पाहण्याचा काळ कमी करणे, न येणाऱ्यांचे प्रमाण घटवणे, प्रवेश वाढवणे आणि उपचारात टिकणाऱ्यांची संख्या वाढवणे. उपचारपद्धतीला हातही लावला नव्हता. दारू सोडायचे ठरवलेल्या माणसाचा निश्चय पहिल्या फोनपासून पहिल्या भेटीपर्यंतच्या दिवसांत ढासळतो, ही साधी जाण त्यामागे होती. पहिले पाऊल म्हणून संस्थाप्रमुखाने स्वतः रुग्ण होऊन आपल्याच केंद्रात प्रवेश घेऊन पाहायचा. फोन कोण उचलतो, तीच माहिती किती अर्जांवर लिहावी लागते, बाकावर किती वेळ बसावे लागते, हे त्याने स्वतः अनुभवायचे. हा प्रयोग कागदावर बाळबोध वाटतो, पण अनेक प्रमुखांना आपले केंद्र खऱ्या अर्थाने त्याच दिवशी दिसले. मग बदलासाठी एक वजनदार कार्यकर्ता नेमायचा आणि एका वेळी एकच बदल थोड्या दिवसांपुरता करून पाहायचा. जाळ्याच्या सुरुवातीच्या १३ केंद्रांत पहिल्या संपर्कापासून उपचारापर्यंतचा सरासरी काळ १९.६ दिवसांवरून १२.४ दिवसांवर आला, आणि पहिल्या भेटीनंतर दुसऱ्या भेटीला येणाऱ्यांचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेले.

रुग्णालयाच्या वॉर्डात प्रश्न अधिक टोकदार असतो, कारण तिथे हिंसा आणि सक्ती या दोन गोष्टी एकमेकींना पोसतात. रुग्ण चिडतो, कर्मचारी त्याला धरतात, बांधतात किंवा एकांतात ठेवतात. त्याचा राग साचतो आणि पुढच्या वेळी आणखी उफाळतो. अमेरिकेतील ‘हार्टफर्ड कुरंट’ या दैनिकाने १९९८ मध्ये बांधून ठेवण्याशी आणि एकांतवासाशी संबंधित १४२ मृत्यूंची माहिती गोळा करून छापली, तेव्हा हा विषय सार्वजनिक झाला. त्याआधीच पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी मनोरुग्णालयांनी सक्ती म्हणजे उपचाराचे अपयश अशी भूमिका घेतली होती. तिथे १९९० ते २००० या काळात एकांतवासाचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे ४.२ घटनांवरून ०.३ वर उतरले. या घसरणीमागे एखादे नवे औषध किंवा यंत्र होते असे नाही. आकडे रुग्णालयांनी एकमेकांसमोर उघड ठेवले, प्रत्येक घटनेनंतर वरिष्ठांनी चौकशी केली, आणि कर्मचाऱ्यांना रुग्णाला शांत करण्याचे प्रशिक्षण मिळाले.

पूर्व लंडनमधील एनएचएस ट्रस्टचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील एका संस्थेचे, काम या सर्व विषयाचा सर्वात शिकण्यासारखा अध्याय आहे. टॉवर हॅम्लेट्ससारख्या गरीब आणि बहुभाषिक वस्त्यांना सेवा देणाऱ्या या ट्रस्टने मानसोपचारतज्ज्ञ अमर शाह यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये संस्थाभर सुधार कार्यक्रम सुरू केला. त्याआधी ग्लोब नावाच्या एका वॉर्डात हिंसा कमी करण्याचे काम झाले होते. तेच पुढे सहा वॉर्डांत नेले. दिवसातून काही वेळा सगळे कर्मचारी उभ्याउभ्या पाच-दहा मिनिटे जमत आणि आज कोण अस्वस्थ आहे, का आहे, कोणी त्याच्याशी बोलायचे हे ठरवत. अंदाज मनावर न सोडता ब्रोसेट या छोट्या सूचीने धोका मोजला जाई. भिंतीवर महिन्याच्या दिवसांची चौकट असलेला एक फलक असे. मारहाण झाली त्या दिवसाचा चौकोन लाल, नाही झाली त्याचा हिरवा. हा फलक रुग्णांनाही दिसत असे आणि वॉर्डाच्या सभेत रुग्ण, कर्मचारी मिळून त्यावर बोलत. हिंसा हा विषय रुग्णांसमोर काढायचा नाही, हा जुना संकेत इथे मोडला गेला. सहा वॉर्डांत शारीरिक हिंसा सुमारे ४० टक्क्यांनी घटली.

या कामात आकड्याचा प्रवास महत्त्वाचा आहे. बहुतेक रुग्णालयांत आकडा खालून वर जातो: परिचारिका घटना लिहिते, कारकून बेरीज करतो, महिनाअखेरीस अहवाल मुख्यालयात पोहोचतो आणि तिथे फायलीत झोपतो. ज्या बाईने तो लिहिला तिला त्याचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही, मग ती तो नीट का लिहील? लाल-हिरव्या फलकाने आकडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच ठेवला. संस्कृती घडवण्याविषयी जे जे लिहिले गेले आहे, त्यात ही बाब पुरेशा ठळकपणे क्वचितच येते. प्रशिक्षण, ध्येयवाक्ये आणि गुणवत्ता विभाग यांची वर्णने मात्र पानेच्या पाने असतात.

लंडनमध्येच लेन बॉवर्स यांनी ‘सेफवॉर्ड्स’ ही रीत तयार केली. तिची चाचणी १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत झाली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दहा साधे उपाय होते. रुग्णाला वाईट बातमी कळणार असेल तर आधी तयारी करणे, कर्मचारी आणि रुग्णांनी एकमेकांची थोडी ओळख करून देणे, घरी जाणाऱ्या रुग्णाने मागे राहणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून ठेवणे, अशी त्यांची जात. ज्या वॉर्डांत हे उपाय झाले तिथे संघर्षाच्या घटना १५ टक्क्यांनी आणि सक्तीच्या उपायांचा वापर २६.४ टक्क्यांनी कमी झाला. तुलनेच्या वॉर्डांनाही शारीरिक आरोग्यासाठी दुसरा कार्यक्रम दिला होता, त्यामुळे नुसत्या लक्ष पुरवण्याने हा फरक पडला असे म्हणता येत नाही.

मोजमापाचा प्रश्न इथे सविस्तर पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये २००८ पासून देशभर सुरू झालेल्या मानसोपचार सेवेत प्रत्येक भेटीच्या वेळी रुग्ण नैराश्य आणि चिंतेची छोटी प्रश्नावली भरतो. आधीच्या पद्धतीत फक्त सुरुवातीला आणि शेवटी मोजत, आणि मधेच उपचार सोडणाऱ्यांचा शेवटचा आकडा कधीच मिळत नसे. डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी डॉनकास्टर आणि न्यूहॅम येथील प्रारंभिक केंद्रांत पाहिले की शेवटचा आकडा न दिलेल्यांची प्रकृती इतरांपेक्षा कमी सुधारलेली असते. म्हणजे अर्धवट नोंदी संस्थेला आहे त्याहून चांगली दाखवतात. भेटीगणिक मोजण्यामुळे ही पळवाट बंद झाली. अडचण दुसरीकडे उभी राहते: बरे झालेल्यांची टक्केवारी लक्ष्य ठरली की सोप्या रुग्णांना आत घ्यायचे आणि अवघड रुग्णांना इतरत्र पाठवायचे, असा मोह संस्थेला पडतो. लक्ष्य आणि मोजमाप एकच झाले की मोजमापाचा कस जातो, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी सांगून ठेवली आहे.

लहान संस्थेत आणखी एक पेच असतो. पन्नास खाटांच्या रुग्णालयात आत्महत्येचा प्रयत्न वर्षातून एखाद-दोनदाच होतो. यंदा दोन, गेल्या वर्षी एक, यावरून काहीच ठरत नाही. अशा वेळी घटना मोजण्याऐवजी दोन घटनांमधले दिवस मोजतात. दिवस वाढत गेले तर आलेख वर चढतो आणि थोड्या नोंदींतूनही कल कळतो. शूहार्ट यांची मूळ शिकवणही इथे उपयोगी पडते. आकडे नेहमी थोडे वरखाली होतात. प्रत्येक चढाला ‘कारणे दाखवा’ नोटीस आणि प्रत्येक उताराला शाबासकी दिली, तर व्यवस्था सुधारत नाही, फक्त माणसे घाबरतात. डेमिंग यांच्या अंदाजाने चुकांपैकी ९४ टक्के चुका व्यवस्थेच्या असतात, माणसाच्या नव्हेत.

भीतीचा हा मुद्दा संस्कृतीच्या मुळाशी आहे. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधाच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचे नेतृत्व चांगले होते तिथेच चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. उलगडा असा की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलल्या जात होत्या. मानसोपचाराच्या वॉर्डात तर रात्रपाळीच्या परिचारिकेने रुग्णावर आवाज चढवल्याचे कबूल करणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे ठरू शकते. कंत्राटी कर्मचाऱ्याला हे धाडस परवडतच नाही. म्हणून वरिष्ठांचा पहिला प्रतिसाद कसा असतो, यावर पुढची सगळी नोंद अवलंबून राहते. अधीक्षक स्वतः वॉर्डात जाऊन अडचण विचारत असेल, संचालक मंडळाच्या बैठकीत आलेख समोर येत असतील, आणि सुधार गटाला कामाच्या तासांत वेळ मिळत असेल, तरच बाकीचे मनावर घेतात. ड्युटी संपल्यावर करायची सुधारणा थोड्याच दिवसांत विरून जाते.

सेवा घेणाऱ्यांच्या सहभागाविषयी सगळे बोलतात. प्रत्यक्षात बहुधा एका रुग्णप्रतिनिधीला समितीत खुर्ची मिळते. पूर्व लंडनमध्ये सेवा घेणाऱ्यांनाही सुधारपद्धतीचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना प्रकल्पगटांत घेतले. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या मंडळींनी रुग्णांना शुभार्थी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणण्याचा प्रघात पाडला आहे. त्या स्वमदत गटांत संस्थांना हवी असलेली माहिती आयतीच असते: कोणत्या ओपीडीत औषध मिळत नाही, दाखल होताना कोण कसे बोलले, घरी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काय बिनसते. रुग्णालयाच्या नोंदींत यातले फारसे उतरत नाही.

भारतात गुणवत्तेचा प्रश्न आधी माणुसकीचा प्रश्न म्हणून समोर आला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने ३७ मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यातील ३८ टक्के रुग्णालयांची रचना तेव्हाही तुरुंगासारखीच होती. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्यू पावले, तेव्हा देश हादरला. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. साखळीने बांधण्यास आणि एकांतवासात कोंडण्यास त्यात बंदी आहे. शारीरिक बंधनाला कडक अटी आणि नोंद आवश्यक आहे. ही नोंद सुधारणेसाठी सोन्यासारखी सामग्री ठरू शकते, पण वॉर्डात ती कोणी वाचली तर.

कायद्याच्या पलीकडचा प्रयत्न गुजरातमध्ये झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये ‘क्वालिटीराइट्स’ ही मूल्यांकनाची साधने प्रसिद्ध केली होती. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, सौमित्र पठारे यांच्या पुढाकाराने, २०१४ ते २०१६ या काळात गुजरातच्या सरकारी मानसिक आरोग्यसेवांत ती वापरून पाहिली. आधी मूल्यांकन, मग कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, मग प्रत्येक सेवेची स्वतःची सुधार योजना, आणि सोबत रुग्ण व कुटुंबीयांचे आधारगट असा तो कार्यक्रम होता. तुलनेच्या सेवांपेक्षा या सेवांचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांची वृत्ती बदलली आणि रुग्णांना आपले म्हणणे ऐकले जाते असे अधिक वाटू लागले. सरकारी व्यवस्थेत, आहे त्या मनुष्यबळात हे घडले, म्हणून त्याचे मोल जास्त.

गोव्यातील संगत या संस्थेचे काम सुधारणेच्या चर्चेत क्वचितच मोजले जाते, मोजायला हवे. तिथे नैराश्यासाठी तयार केलेल्या उपचाराची चाचणी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. उपचार देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनंतर उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. यातील गुणवत्ता राखण्याची पद्धत लक्षणीय आहे. समुपदेशक आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण करत, दर आठवड्याला गटात बसून ते ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ मार्गदर्शन करत, पुढे हे काम गटानेच सांभाळले. बंद दाराआडची भेट अशा रीतीने सहकाऱ्यांसमोर उघडी झाली, आणि गुण देणारा पुढच्या आठवड्यात स्वतःही गुण घेणारा असल्याने त्यात वरचढपणाला जागा उरली नाही.

या सगळ्या पद्धतीची मर्यादा तिच्या अभ्यासकांनीच दाखवून दिली आहे. सुधारचक्राच्या वापरावरील ७३ लेखांचा २०१४ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा एकामागून एक चक्रे खरोखर फिरवल्याची पूर्ण नोंद पाचव्या हिश्श्याहूनही कमी लेखांत सापडली. बाकीच्यांनी एक बदल केला आणि त्याला चक्र म्हटले. संस्कृती आणि रुग्णाचे हित यांच्या नात्यावरील ६२ अभ्यासांचा २०१७ चा आढावा बहुतांशी अनुकूल आहे, पण त्यातील बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. चांगल्या संस्कृतीने निकाल सुधारतात की चांगले निकाल पाहून लोकांना आपली संस्था आवडते, हे त्यातून सुटत नाही. प्रसिद्ध होणारे प्रकल्प यशस्वी असतात, फसलेले कोणी लिहीत नाही, ही आणखी एक अडचण.

मदत कोणत्या प्रकारची द्यावी, याचे उत्तर मात्र बऱ्यापैकी मिळाले आहे. नायअ‍ॅटेक्सच्या पुढच्या अभ्यासात पाच राज्यांतील २०१ व्यसनमुक्ती केंद्रांना चार गटांत विभागले. एका गटाला दूरध्वनीवरील गटचर्चा, दुसऱ्याला एकत्र शिकण्याची संमेलने, तिसऱ्याला प्रत्येक केंद्रामागे एक मार्गदर्शक आणि चौथ्याला हे सगळे मिळाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या मार्गदर्शकाने जवळजवळ सगळे मिळून जेवढे साधले तेवढेच साधले, आणि तेही बऱ्याच कमी खर्चात. गटचर्चांचा उपयोग सर्वात कमी झाला.